ताईचा बुधवार: विभागात एकटे पडलेले प्राध्यापक आणि त्यांचा संशोधन गट

आज पाहुणे नाहीत, मी एकटाच आहे. पीएचडीवाल्या भागानंतर तुमचे बरेच व्हॉइस मेसेज आले. त्यात एका मॅडमचा होता. म्हणाल्या, विद्यार्थ्यांवर काय काय बेततं ते तुम्ही बोललात, पण शिकवणाऱ्यांचं काय? त्या ज्या विभागात आहेत तिथे त्यांच्या समाजातल्या त्या एकट्याच. चार वर्षं झाली, तरी स्टाफरूममध्ये पाहुण्यासारखं बसल्यागत वाटतं. तो मेसेज मी माझ्या ताईला ऐकवला. ताईनं पूर्ण ऐकला आणि एवढंच म्हणाली, "त्यांना बुधवारी बोलव."

तर हा बुधवार काय प्रकार आहे, ते आज सांगतो. ताईची परवानगी घेतली आहे. कॉलेजचं नाव मात्र सांगणार नाही, कमेंटमध्ये विचारू नका.

माझी ताई मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. आम्ही बौद्ध. आमच्या घरात कॉलेजात शिकवणारी ती पहिलीच. सहा वर्षं तिनं तासिका तत्त्वावर काढली, म्हणजे ज्याला सगळे सीएचबी म्हणतात ते. जेवढे तास घेतले तेवढे पैसे, उन्हाळ्यात शून्य. मग पूर्णवेळ जागा मिळाली. आईनं गल्लीभर पेढे वाटले. आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत मी माझ्या बडबड्या ताईला हळूहळू गप्प होताना बघितलं.

काही भयंकर घडलं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. तसं काही नव्हतं. दुपारी सव्वाला सगळे मिळून डबे उघडतात, हे तिला तीन महिन्यांनी कळलं. कुठल्या परिषदेला कोण जाणार हे कॉरिडॉरमध्ये ठरतं, ती कॉरिडॉरमध्ये नसते. "कोटा" हा शब्द हसत हसत येतो, आणि आला की एक क्षण सगळे तिच्याकडे बघून नजर वळवतात. मी फोनवर विचारलं, "ताई, कोण काही बोललं का तुला?" तर म्हणाली, "नाही रे. कोणी बोलतच नाही."

आता थोडं मागे जाऊ. साल १९१८. मुंबईचं सिडनहॅम कॉलेज. तिथे राजकीय अर्थशास्त्राचे नवे प्राध्यापक रुजू झाले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले. भारतातल्या छोट्या शेतजमिनींवरचा त्यांचा निबंध त्याच वर्षी छापून आला होता, आणि तो आजही अर्थशास्त्रवाले वाचतात. आणि स्टाफरूममध्ये काय झालं? प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी त्यांनी प्यायला सहकाऱ्यांनी हरकत घेतली. विद्यार्थी त्यांचं लेक्चर ऐकायला गर्दी करायचे आणि सहकारी पाण्याच्या भांड्याकडे लक्ष ठेवायचे. १९२० मध्ये नोकरी सोडून ते लंडनला परत गेले, स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं कर्ज, एवढ्याच्या बळावर.

ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते, पण "किती वाईट काळ होता" म्हणून पुढे सरकतात. मला त्यात एक वेगळी गोष्ट दिसते. तुमची पदवी कितीही मोठी असो, तुम्ही त्या खोलीतले आहात की नाही हे पदवीवर ठरत नाही. आज भांडं वेगळं नाही. वॉटर कूलर आहे, कोणीही पाणी घेतं. पण संशोधन ज्या गप्पांमधून पुढे जातं, त्या गप्पांचं भांडं बऱ्याच ठिकाणी अजून वेगळंच आहे.

आणि माणूस एकटाच का पडतो, यामागे एक साधं गणितही आहे. मी इंजिनिअर, मला हे गणित बघून राग आला होता. आरक्षणाच्या जागा रोस्टरनुसार भरतात. १३ बिंदूंच्या रोस्टरमध्ये अनुसूचित जातीची पहिली जागा येते सातव्या बिंदूवर, अनुसूचित जमातीची चौदाव्या. आता विभाग हाच एकक धरला आणि विभागात जागाच चार असतील, तर सातवा बिंदू येणार कधी? अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर यूजीसीनं २०१८ मध्ये विभाग हा एकक धरायला सांगितलं होतं. देशभर आंदोलनं झाली, आणि २०१९ मध्ये केंद्रीय संस्थांसाठी कायदा करून पूर्ण संस्थाच एकक धरायचं ठरलं. ठीक. पण संस्था एकक धरली तरी चार जणांच्या विभागात आपल्यासारखा दुसरा कोणी असेलच, असं नाही. संस्थेत वीस असतील, विभागात एकच.

त्या एकट्या माणसाकडे मग कामं येतात. अमाडो पादिया नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९९४ मध्ये याला एक शब्द दिला, मराठीत आपण "सांस्कृतिक कर" म्हणू. म्हणजे तुम्ही अमुक समाजाचे आहात म्हणून त्या समाजाशी संबंधित प्रत्येक कामावर तुमचीच नेमणूक. ताईकडे काय काय होतं बघा: एससी-एसटी कक्ष, शिष्यवृत्तीचे अर्ज, जयंती समिती, तक्रार निवारण, एनएसएस, शिवाय नॅकच्या एका निकषाची फाइल. प्रत्येक वेळी कारण गोडच. "मॅडम, तुमच्याइतकं हे कोण समजून घेणार?" आणि वर्षाच्या शेवटी तेच लोक विचारणार, तुमचे शोधनिबंध किती? कॉलेजात प्रोफेसर पदापर्यंत जायचं तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार किमान १० शोधनिबंध लागतात. ते काय जयंती समितीच्या मिटिंगमध्ये लिहायचे?

बरं, निबंध लिहिला तरी द्यायचा कुठे? ताईच्या मेलबॉक्समध्ये रोज एक जर्नल यायचं. तीन दिवसांत प्रकाशित, शुल्क अमुक, सोबत रंगीत प्रमाणपत्र. यूजीसीनं मे २०१८ मध्ये आपल्या मान्यताप्राप्त यादीतून एका दमात ४,३०५ जर्नलं काढून टाकली होती, यावरून बाजार किती मोठा होता ते कळतं. मग केअर यादी आली, तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं. ती यादीही २०२५ मध्ये बंद झाली. आता जर्नल खरं की खोटं ते तुम्हीच ओळखायचं. आणि हे ओळखतात कसं? यादी वाचून नाही. शेजारच्या टेबलावरचा माणूस सांगतो, "अहो, तिथे देऊ नका, पैसे खातात." ज्याच्या शेजारी कोणी बोलतच नाही, त्याला हे कोण सांगणार? ताईनं एकदा असे पैसे भरले होते. मला दीड वर्षानं सांगितलं, तेही मान खाली घालून.

आता बुधवार.

झालं असं की ताईला एक ऑनलाइन रिफ्रेशर कोर्स करावा लागला. दोन आठवडे, दिवसभर स्क्रीनसमोर. तिथल्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या पोटात, जसं होतं तसं, सहा जणांचा एक छोटा ग्रुप तयार झाला. सुरुवात "हे व्याख्यान कधी संपणार" या विषयानं झाली. एक मॅडम पालघरकडच्या, आदिवासी समाजातल्या, समाजशास्त्र शिकवणाऱ्या. एक सर सोलापूरकडचे, भटक्या-विमुक्तांपैकी, मराठीचे, अजून सीएचबीवर. एक इतिहासाच्या मॅडम मुस्लिम, विदर्भातल्या. एक वनस्पतिशास्त्राचे सर, एक राज्यशास्त्राच्या मॅडम, आणि ताई. कोर्स संपला, ग्रुप राहिला. चार महिने तिथे फक्त रडगाणं चाललं, हे ताईचेच शब्द. मग इतिहासाच्या मॅडम एका रात्री वैतागून म्हणाल्या, "आपण इतकं टाइप केलंय की एक प्रकरण झालं असतं."

तिथून सुरू झालं. वेळ ठरवायलाच तीन आठवडे गेले. सरांनी रविवार सकाळ सुचवली. बायकांनी एका सुरात नाही म्हटलं. रविवारी सकाळी घरातल्या बाईला कोण मोकळं सोडतं? संध्याकाळी स्वयंपाक. शेवटी बुधवार, रात्री साडेनऊ ते पावणेअकरा. पहिली पंधरा मिनिटं रडगाण्याला राखीव, त्याला ते "वाफ" म्हणतात. मग प्रत्येकानं सांगायचं, मागच्या बुधवारपासून किती लिहिलं. मग चाळीस मिनिटं माइक बंद, कॅमेरा चालू, सगळे आपापलं लिहितात. शेवटी एकाचं एक पान सगळ्यांनी वाचायचं.

मला बोलावलं ते टेक्निकल सपोर्ट म्हणून. काम भारी काही नव्हतं. एक शेअर केलेली शीट करून दिली, झोटेरो शिकवलं म्हणजे संदर्भ हातानं टाइप करायला नको. सगळ्यात जास्त वेळ कशात गेला सांगू? फॉन्टमध्ये. मराठीच्या सरांचं दहा वर्षांचं लेखन जुन्या फॉन्टमध्ये अडकलेलं, युनिकोडमध्ये आणताना प्रत्येक रफार उडायचा. तीन शनिवार गेले. पण ते झाल्यावर सरांनी आपला जुना लेख मोबाइलवर उघडून वाचला आणि मला फोन करून म्हणाले, "बेटा, हे मी लिहिलंय हेच विसरलो होतो."

मला सुरुवातीला हा प्रकार फार सुटसुटीत, जवळपास बाळबोध वाटला होता. शीटमध्ये शब्द मोजून काय संशोधन होतं का? मग शोधताना रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाचा १९८९ मधला प्रयोग सापडला. २७ प्राध्यापक, तीन गट. पहिल्या गटानं नेहमीसारखंच लिहिलं, म्हणजे सुट्टी मिळाली की एकदम. वर्षाला सरासरी १७ पानं. दुसऱ्यानं रोज थोडं लिहिलं आणि नोंद ठेवली, ६४ पानं. तिसऱ्यानंही रोज लिहिलं, नोंद ठेवली, पण ती नोंद दर आठवड्याला दुसऱ्या कुणाला तरी दाखवायची होती. १५७ पानं! सॅम्पल लहान आहे, म्हणून हा काही निसर्गनियम नाही, हे मी आधीच सांगतो. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात फरक एकाच गोष्टीचा: कोणीतरी वाट बघतंय.

असे गट नवे नाहीत. अमेरिकेत ओहायोतल्या मायामी विद्यापीठात (हो, मायामी नाव असून ओहायोत) १९७९ पासून नव्या प्राध्यापकांचे असे वर्षभर चालणारे छोटे गट आहेत. पण ताईच्या गटाशी जास्त जुळणारी गोष्ट टेक्सासमधली. सॅन अँटोनियोच्या विद्यापीठात काही लॅटिना प्राध्यापिकांनी मिळून "रिअल" नावाचा संशोधन गट काढला. त्यांच्यापैकी चौघींनी २०१० मध्ये स्वतःच्याच अनुभवावर शोधनिबंध लिहिला, आणि त्याच्या नावातच "मी इथली नाही" असं आहे. गंमत म्हणजे ते विद्यापीठ सरकारदरबारी हिस्पॅनिक विद्यार्थ्यांची संस्था म्हणून ओळखलं जातं. हा दर्जा मिळायला पदवीचे किमान २५ टक्के विद्यार्थी त्या समाजाचे लागतात. म्हणजे वर्गात आपली पोरं भरपूर, आणि स्टाफरूममध्ये मात्र परकं. ताईला हे सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "टेक्सासमध्येपण आमचंच कॉलेज आहे म्हण की."

आता एक बुधवार जरा सविस्तर सांगतो, कारण माझं मत त्या दिवशी बदललं.

ताईचा विषय ऊसतोड मजुरांची उचल. शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो: हंगामाआधी मुकादम कुटुंबाला आगाऊ पैसे देतो, ती उचल. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामभर तोडणी करून ती उचल फेडायची, फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाकडे. ताईनं विभागात हा विषय मांडला तेव्हा एक सहकारी म्हणाले होते, "हे तर तुमच्याच लोकांचं आहे, यात नवीन काय?" तिनं ते प्रकरण ड्रॉवरमध्ये टाकलं.

ते तिनं गटात वाचलं. पालघरच्या मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "आमच्याकडे कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, तीपण आगाऊ पैसे घेतात. मला एक सांगा, तुमच्या हिशेबात बाई कुठे आहे? कोयता दोघांचा आहे ना? मग उचल कोणी घेतली, कोणी मोजली, कोणाच्या हातात आली?"

ताई गप्प. कारण तिच्या सगळ्या मुलाखती पुरुषांच्या होत्या. प्रश्नावलीत "कुटुंबप्रमुख" लिहिलेलं आणि ती तशीच भरत गेलेली. हिशेब नवऱ्याला विचारला, बायको बाजूला उभी राहून ऐकत होती. ताई स्वतः बाई, स्वतः त्याच भागातली, तरी सुटलं. त्या रात्री तिचा फोन आला तेव्हा मला वाटलं ती खचली असणार. उलट आवाजात काहीतरी वेगळंच होतं. म्हणाली, "अरे, दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या कामातली चूक काढली."

आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज करतो. कोड लिहिला की दुसरा वाचतो, चुका काढतो, मगच पुढे जातो. मला तो कंटाळा वाटायचा. पण विचार करा, तुम्ही कोड टाकताय आणि दोन वर्षं कोणी उघडूनच बघत नाही. कौतुकही नाही, शिव्याही नाहीत. मला वाटतं, "आपण इथले आहोत" हे वाढदिवसाच्या केकनं वाटत नाही. कोणीतरी तुमचं काम इतकं गंभीरपणे घेतं की त्याच्याशी भांडतं, तेव्हा वाटतं. विद्यापीठं समावेशनाच्या नावाखाली जी स्नेहसंमेलनं घेतात ना, त्यावर माझा म्हणूनच फारसा विश्वास नाही.

ताईला उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागलं. हंगाम संपल्याशिवाय मजूर गावी येत नाहीत. मग ती परत त्याच घरांत गेली, या वेळी बायकांकडे, संध्याकाळी भाकरी थापताना. निबंध सहा महिने लांबला आणि पूर्ण बदलला.

मग दुसरा पेच. निबंध तयार झाल्यावर विभागातल्या वरिष्ठ सरांनी सुचवलं, "माझं नाव पहिलं टाका, जर्नलवाले लवकर घेतील. तुमचंही नाव राहीलच." असं सर्रास चालतं, यात त्यांना काही वावगंही वाटलं नसेल. ताईनं रात्री अकराला मला फोन केला. माझ्यातला इंजिनिअर लगेच जागा. म्हटलं, "ताई, गूगल डॉकमध्ये सोळा महिन्यांची व्हर्जन हिस्ट्री आहे. कुठलं वाक्य कुठल्या तारखेला कोणी लिहिलं, सगळं निघेल. मी काढून देतो."

ती म्हणाली, "पुरावा कशाला? मी लिहिलंय ते मला माहितीये. आणि सहा जणांना माहितीये."

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना दोन ओळींची मेल केली. निबंध मी एकटीनं लिहिला आहे, एकटीच्या नावानं पाठवत आहे, आपल्या मार्गदर्शनाबद्दल आभार. मेलचा मसुदा गटानं बघून दिला होता. मूळ मसुद्यात "क्षमस्व" तीन वेळा होतं, ते तिन्ही काढले. सर काही बोलले नाहीत. पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात ताईला सकाळचा पहिला आणि संध्याकाळचा शेवटचा तास आला, मध्ये पाच तास मोकळे. योगायोग असेलही. त्या पाच तासांत ती ग्रंथालयात बसून लिहिते. निबंध दोनदा दुरुस्तीला परत आला, दोन्ही वेळा बुधवारी फाडला गेला, आणि शेवटी स्वीकारला गेला. फी शून्य.

पण हे ऐकून "वा, गट काढला की प्रश्न सुटला" असं समजू नका. सोलापूरचे सर आता गटात नाहीत. त्यांचं मानधन महिनोनमहिने अडकलं, घरी दोन पोरं. ते विम्याच्या कामाला लागले. जायच्या आधीच्या बुधवारी त्यांनी आपलं प्रकरण गटाला देऊन टाकलं आणि म्हणाले, कोणी पूर्ण केलं तर माझं नाव राहू द्या. त्या दिवशी वाफेची पंधरा मिनिटं कोणालाच पुरली नाहीत. कायम जागा भरणं हे सरकारचं काम आहे, ते सहा जण रात्री साडेनऊला करू शकत नाहीत. आणि मला भीती हीच वाटते, की असे गट दिसले की संस्था म्हणतात, बघा, करतायत की त्यांचं ते. एका सदस्याच्या कॉलेजला तर हा गट नॅकच्या फाइलमध्ये "उत्तम उपक्रम" म्हणून दाखवायचा होता. जिओटॅग केलेले फोटो मागितले! गटानं नाही म्हटलं. फोटो निघाला की दुसऱ्या बुधवारपासून कोणी खरं बोलणार नाही.

सांस्कृतिक कराचंही तसंच. गटानं ताईला समित्या नाकारायला शिकवलं. जयंती समिती आणि नॅकची फाइल सुटली. शिष्यवृत्तीचं काम मात्र ती सोडत नाही. गटात यावर दोन बुधवार वाद झाला. राज्यशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, हेच तर तुम्हाला मागे ठेवतंय. ताई म्हणाली, "ती पोरं दुसऱ्या टेबलावर गेली तर फॉर्मची तारीख निघून जाते. मी बघितलंय." वाद मिटलेला नाही. मला स्वतःला राज्यशास्त्राच्या मॅडमचं पटतं, पण मला शिष्यवृत्ती ताईसारख्याच एका मॅडमनी मिळवून दिली होती, त्यामुळे मी गप्प बसतो.

तर ज्या मॅडमचा मेसेज आला होता, त्या मागच्या बुधवारी आल्या. कॅमेरा बंद ठेवला होता, ताई म्हणाली ठेवू दे. नोंदीची वेळ आली तेव्हा म्हणाल्या, माझं काहीच झालेलं नाही, माझा रकाना रिकामा सोडा. ताईनं सांगितलं, रिकामा सोडायचा नाही, शून्य लिहायचं. मी आत्ता रेकॉर्डिंगच्या आधी शीट उघडून बघितली. त्यांच्या नावापुढे पहिल्या आठवड्यात शून्य आहे. दुसऱ्या रकान्यात १४०.